एका मतामागे पासष्ट डॉलर: न्यूयॉर्कची प्रायमरी आणि तिचं बिल

प्रश्न असा आला आहे: "मी नुकताच अमेरिकेचा नागरिक झालो, न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो. जूनमधली प्रायमरी म्हणजे पक्षाने आपला उमेदवार ठरवायचा. मग तिचा खर्च शहराच्या तिजोरीतून, म्हणजे माझ्या करातून का? किती येतो हा खर्च? आणि लोक मतदानाला येतच नसतील तर ती बंद करून पैसे वाचणार नाहीत का?"

प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींची गाठ एकाच ठिकाणी बसली आहे. निवडणुकीचा खर्च किती लोक मतदानाला आले यावर ठरत नाही, केंद्राचं दार वर्षातून किती वेळा उघडावं लागलं यावर ठरतो. लग्नाच्या हॉलसारखं. पाचशे माणसं आली काय नि पन्नास आली काय, भाडं तेवढंच. इथे तर ताटांचे पैसेही आधीच भरलेले असतात, कारण मतपत्रिका छापूनच ठेवाव्या लागतात.

मी पेशाने हिशेबनीस. २००६ पासून क्वीन्समधल्या मतदान केंद्रांवर काम करते. आधी टेबलावर इन्स्पेक्टर म्हणून, नंतर केंद्राची कोऑर्डिनेटर म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं थोडं हिशेबाच्या वहीतून आणि थोडं शाळेच्या जिममध्ये पहाटे पाचला उभं राहून बघितलेलं.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण २०१३ सालचं. त्या वेळी नियम असा होता की महापौर, कंप्ट्रोलर (शहराचा हिशेब तपासणारा) आणि पब्लिक ॲडव्होकेट या तीन शहरव्यापी पदांच्या प्रायमरीत कुणालाच ४० टक्के मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक घ्यायची. तिला रनऑफ म्हणतात. १९६९ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत मारिओ प्रोकाचिनो जेमतेम एक तृतीयांश मतांवर उमेदवार झाले आणि पुढे महापौरपदाची निवडणूक हरले; त्यानंतर राज्याने हा नियम आणला. २०१३ च्या सप्टेंबरात महापौरपदासाठी बिल डी ब्लासिओ चाळिशीच्या जरासे वर राहिले आणि सुटले. पब्लिक ॲडव्होकेटच्या शर्यतीत मात्र लेटिशिया जेम्स ३६ टक्क्यांवर आणि डॅनियल स्क्वाड्रन ३३ टक्क्यांच्या आसपास अडकले. झालं. १ ऑक्टोबरला एकट्या त्या पदासाठी अख्ख्या शहरात पुन्हा मतदान.

पब्लिक ॲडव्होकेट म्हणजे कोण, हे विचारलंत तर तुम्ही एकटे नाही. शहर प्रशासनाबद्दलच्या तक्रारी ऐकणारा आणि महापौराचं पद मध्येच रिकामं झालं तर तात्पुरता कारभार सांभाळणारा पदाधिकारी. त्या कार्यालयाचं तेव्हाचं वर्षाचं बजेट होतं साधारण २३ लाख डॉलर. आणि त्या पदावर कोण बसणार हे ठरवणाऱ्या रनऑफचा अंदाजित खर्च १ कोटी ३० लाख. म्हणजे ते कार्यालय साडेपाच वर्षं चालेल एवढा पैसा एका मंगळवारी खर्च झाला. नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांपैकी सातेक टक्के आले, दोन लाखांच्या आसपास मतं पडली. भागाकार करा, एका मतामागे पासष्ट डॉलर. त्यात नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने या पदासाठी उमेदवारच दिला नव्हता.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण एवढा रिकामा दिवस मी केंद्रावर पुन्हा पाहिला नाही. मतपत्रिका वाचणारे स्कॅनर शहरात २०१० मध्येच आले होते. पण प्रायमरीनंतर तीन आठवड्यांत ते रिकामे करून, नव्याने प्रोग्राम करून, तपासून पुन्हा केंद्रावर पोचवणं जमणारं नव्हतं. म्हणून राज्याने खास कायदा करून जुनी खटक्यांची यंत्रं गोदामातून बाहेर काढायला परवानगी दिली. साठच्या दशकातली ती लोखंडी धुडं, पडदा असलेली. मोठा दांडा ओढला की पडदा बंद होतो, उमेदवाराच्या नावापुढचा छोटा खटका खाली करायचा, दांडा परत ओढला की मत नोंदलं जातं आणि पडदा उघडतो. आवाज असा की बसच्या दरवाज्याची आठवण यावी. त्या दिवशी हा आवाज आमच्या टेबलाच्या यंत्रातून सोळा तासांत एकतीस वेळा आला.

माझ्या शेजारी बसलेल्या बाई रिपब्लिकन होत्या. रनऑफ डेमोक्रॅटिक पक्षाची, त्यांना त्यात मत द्यायचा अधिकारच नव्हता. पण न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे टेबलावर दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं सारख्या संख्येने बसावी लागतात, प्रायमरी कुणाचीही असो. त्यांनी दिवसभरात एका लहान बाळाचं स्वेटर जवळजवळ पुरं केलं. आम्हा दोघींची मजुरी प्रत्येकी २०० डॉलर. चारशे भागिले एकतीस, एका मतामागे तेरा डॉलर तर आमच्याच टेबलावर गेले. दारावरचा माणूस, दुभाष्या, कोऑर्डिनेटर, गणवेशातला पोलीस आणि शाळा उघडी ठेवणारा कस्टोडियन हे सगळे अजून धरलेलेच नाहीत. रात्री नऊला यंत्राचं मागचं झाकण उघडून एकीने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसरीने तक्त्यावर लिहायचे, आणि तो कागद पोलिसाच्या हाती द्यायचा. पाच मिनिटांत संपलं ते काम. घरी जायला तरीही साडेदहा झाले, कारण सील, सह्या आणि पिशव्यांचं काम मतांच्या संख्येबरोबर कमी होत नाही.

आता हा पैसा जातो कुठे, तर मोठा वाटा माणसांवर. शहरात हजाराहून जास्त मतदान केंद्रं, प्रत्येकाला किमान माणसं लागतातच. शिवाय त्यांचं प्रशिक्षण, त्याचा वेगळा भत्ता. मग छपाई. मतपत्रिका प्रत्येक भागाची वेगळी, कारण कौन्सिलचा, म्हणजे नगरसेवकांचा, मतदारसंघ वेगळा, एखाद्या ठिकाणी जिल्हा पातळीवरचं पद वेगळं. मग गोदामातून ट्रकने ने-आण. मग यंत्रांची तपासणी. टपालाने मत देणाऱ्यांचे लिफाफे जातानाचे, येतानाचे, आणि ते उघडून सही जुळवणारे हात. २०१९ पासून त्यात नऊ दिवसांचं आगाऊ मतदान आलं. मतदारांसाठी ती फार मोठी सोय, माझं स्वतःचं मत मी तेव्हाच देते. पण हिशेबाच्या भाषेत दार एक दिवस नाही, दहा दिवस उघडं राहू लागलं. या आगाऊ दिवसांत केंद्रं कमी असतात, म्हणून खर्च दहापट होत नाही इतकंच.

भाषांचाही खर्च असतो आणि त्यात आपला थोडा संबंध येतो. एखाद्या भाषिक गटात इंग्रजी नीट न येणारे मतदार ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असतील, तर संघराज्याच्या मताधिकार कायद्याप्रमाणे त्या भाषेत मतपत्रिका आणि दुभाषे द्यावे लागतात. क्वीन्समध्ये इंग्रजीबरोबर स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि बंगाली. यातली बंगाली आली ती 'एशियन इंडियन' या जनगणनेच्या रकान्यातून! भारतीय म्हणून आपण सगळे एका रकान्यात मोजले गेलो, आणि भाषा निवडायची वेळ आली तेव्हा बंगाली निवडली गेली. क्वीन्समधली बंगाली बोलणाऱ्यांची संख्या बघता निवड बरोबरच होती. पण "मराठी मतपत्रिका मिळेल का हो?" असं एका आजींनी मला खरंच विचारलं होतं. मी त्यांना दुभाष्याऐवजी स्वतःच सूचना वाचून दाखवल्या, आणि शेजारी दुसऱ्या पक्षाच्या बाईंना उभं केलं, कारण नियम तसा आहे.

मग रनऑफचं काय झालं? २०१९ च्या नोव्हेंबरात शहराच्या सनदेत बदल करायचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांनी तो मंजूर केला. प्रायमरीत आणि पोटनिवडणुकीत पसंतीक्रम. महाराष्ट्रात विधान परिषदेची पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची निवडणूक बघितली असेल तर प्रकार ओळखीचा वाटेल. पाच उमेदवारांपर्यंत क्रम द्यायचा. कुणालाही निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात. दुसऱ्यांदा दार उघडायची गरज उरत नाही. रनऑफ त्याच मतपत्रिकेत होऊन जातो.

पैसा वाचला का? वाचला, पण प्रचारात सांगितलं गेलं तितक्या सरळपणे नाही. २०२१ ची जूनची प्रायमरी ही पहिली मोठी परीक्षा. पसंतीक्रम म्हणजे काय ते लोकांना समजावण्यासाठी शहराने त्या वर्षी दीड कोटी डॉलरची मोहीम जाहीर केली. म्हणजे २०१३ च्या त्या रनऑफपेक्षा जास्त! मी हा आकडा वाचला तेव्हा हसले होते. पण हा खर्च घरात नवीन गॅसची जोडणी घेण्यासारखा, दर महिन्याला होणारा नव्हे. २०२५ मध्ये मतदार आमच्या टेबलाशी आले ते क्रम ठरवूनच, काहींनी हातावर पेनने नावं लिहून आणली होती.

आणखी एक गोष्ट या हिशेबात कुणी धरत नाही. जुना नियम असता तर २०२१ मध्ये रनऑफ झालाच असता, कारण महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पहिले आलेले एरिक ॲडम्स पहिल्या पसंतीत ३१ टक्क्यांपर्यंतही पोचले नव्हते. तो रनऑफ ॲडम्स आणि माया वायली यांच्यात झाला असता. पसंतीक्रमात मात्र तिसऱ्या क्रमांकावरच्या कॅथरिन गार्सिया वर सरकत गेल्या आणि शेवटी ७,१९७ मतांनी हरल्या. म्हणजे नुसता एक दिवस वाचला असं नाही, अंतिम लढतीतली माणसंच बदलली. याउलट २०२५ मध्ये झोहरान ममदानी पहिल्याच पसंतीत ४३ टक्क्यांच्या वर होते. जुन्या नियमानेही महापौरपदासाठी रनऑफ लागला नसता. तेव्हा दर चार वर्षांनी अमुक कोटी वाचतात असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, कोणत्या वर्षी?

मोजणीला वेळ मात्र लागतो, आणि वेळ म्हणजेही पैसा. टपालाची मतं आल्याशिवाय पसंतीच्या फेऱ्या पक्क्या होत नाहीत. २०२१ मध्ये तर चाचणीसाठी वापरलेल्या सुमारे १ लाख ३५ हजार मतपत्रिका पहिल्या जाहीर आकड्यांत मिसळल्या गेल्या आणि निकाल मागे घेऊन पुन्हा द्यावा लागला. शहरभर नाचक्की झाली. आमच्यासारख्या केंद्रावरच्या माणसांना पुढचे दोन आठवडे शेजारीपाजारी "तुम्ही काय मोजलंत?" असं विचारत होते, आणि आमचा त्या मोजणीशी काडीचाही संबंध नव्हता.

आता खर्चाचा जो भाग केंद्रावर दिसतच नाही तो. न्यूयॉर्क शहर उमेदवारांना प्रचारासाठी सार्वजनिक पैसा देतं. १९८८ च्या कायद्याने सुरू झालेली ही योजना पुढे वाढत गेली. आता शहरातल्या रहिवाशाने महापौरपदाच्या उमेदवाराला दिलेल्या देणगीच्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत शहर एकाला आठ या प्रमाणात भर घालतं. २५० दिले की वरून २,००० मिळतात. २०२१ च्या निवडणुकीत असे १२ कोटी डॉलरहून जास्त वाटले गेले, आणि खरी चुरस प्रायमरीतच असल्यामुळे त्यातला मोठा भाग जूनच्या आधीच खर्च होतो. लोक निवडणुकीचा खर्च म्हटल्यावर शाळेतली टेबलं आणि स्कॅनर डोळ्यासमोर आणतात. त्या टेबलांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. माझं मत विचाराल तर हा पैसा वाया जात नाही, बिल्डरच्या चेकवर अवलंबून नसलेला उमेदवार उभा राहू शकतो. पण ज्यांना काटकसर करायची आहे त्यांनी हा आकडा न बघता केंद्रं कमी करा म्हणू नये.

तुमचा पहिला प्रश्न, शहराने का द्यायचा. एके काळी पक्षच उमेदवार ठरवायचे, पक्षाच्याच खर्चाने, पक्षाच्याच खोलीत. न्यूयॉर्कमध्ये ती खोली टॅमनी हॉलची, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या जुन्या शहरी संघटनेची होती आणि तिथे काय चालायचं ते जगजाहीर आहे. उमेदवारी बॉसच्या हातून मिळायची. तो कारभार मोडायला न्यूयॉर्क राज्याने १९१३ मध्ये थेट प्रायमरीचा कायदा केला आणि निवडणूक पक्षाच्या हातून काढून सरकारी यंत्रणेकडे दिली. जी निवडणूक सरकारी, तिचं बिलही सरकारी. आपल्याकडे प्रायमरीचा खर्च शून्य असतो, कारण एबी फॉर्म कुणाला मिळणार ते नेत्याच्या बंगल्यावर ठरतं. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी अडीचला कार्यकर्ते कसे पळत असतात ते तुम्ही पाहिलं असेल. तोही एक प्रकारचा खर्च, फक्त महापालिकेच्या जमाखर्चात दिसत नाही.

शहराची खरी कुचंबणा वेगळीच आहे. नियम राज्य करतं, पैसे शहर देतं. निवडणूक मंडळ राज्याच्या कायद्याने चालतं, त्याचे दहा आयुक्त दोन पक्षांकडून येतात आणि बजेट शहराचं. २०१६ मध्ये एप्रिलला राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी, जूनला काँग्रेसची (म्हणजे अमेरिकेच्या संसदेची), सप्टेंबरला राज्याची आणि नोव्हेंबरला मुख्य निवडणूक अशी चार वेळा दारं उघडली. जूनच्या आमच्या केंद्रावर मतदारांपेक्षा आम्हीच जास्त दिसत होतो. राज्य आणि काँग्रेसच्या प्रायमरी एकाच जूनच्या दिवशी आणायचा कायदा २०१९ च्या जानेवारीत झाला. एका सहीने एक अख्खी निवडणूक वाचली. आगाऊ मतदानाचा कायदाही त्याच महिन्यातला, म्हणजे एका हाताने वाचवलं आणि दुसऱ्या हाताने, चांगल्या कामासाठी, खर्च केलं. शहराच्या निवडणुका राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षातच घ्याव्यात, मतदानही वाढेल आणि एक वर्षाआडची जत्राही टळेल, असा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे होता. तो पडला. मी स्वतः बाजूने होते.

आणि बंद करायचं म्हणाल, तर तोही प्रयत्न झालाय. २००३ मध्ये तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांनी पक्षांच्या प्रायमरीच नसतील अशा पक्षविरहित निवडणुकीचा प्रस्ताव आणला, सुमारे सत्तर टक्के लोकांनी नाकारला. मला नाकारणं पटतं. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक जागांचा निकाल जूनमध्येच लागतो, नोव्हेंबरची निवडणूक म्हणजे पुष्कळदा सह्या करायचा कार्यक्रम. २०१९ मध्ये क्वीन्सच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीच्या (निवडून येणाऱ्या मुख्य सरकारी वकिलाच्या) प्रायमरीत नव्वद हजारांच्या आसपास मतपत्रिका हाताने पुन्हा मोजल्या गेल्या. मेलिंडा कॅट्झ शंभराहून कमी मतांनी जिंकल्या. कितीतरी दिवस माणसं बसून मोजत होती, तेही शहराच्या खर्चाने. त्या शर्यतीत नोव्हेंबरला कुणालाही उत्सुकता नव्हती. मग वाचवायचं असेल तर कुठली निवडणूक वाचवायची?

तुमच्या रागात एक गोष्ट मात्र रास्त आहे. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद प्रकारची. पक्षात नाव नोंदवलेलं असेल तरच मत. शहरात दहा लाखांहून जास्त मतदार कुठल्याच पक्षात नाहीत. ते प्रायमरीचा खर्च भरतात आणि त्या दिवशी घरी बसतात. तुम्ही नागरिक झाल्यावर जो फॉर्म भरलात त्यावर पक्षाचा रकाना होता. आपल्या लोकांनी तिथे 'कुठलाही पक्ष नको' यावर खूण केलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. राजकारणात पडायचं नाही म्हणून. मग जूनमध्ये केंद्रावर येतात, यादीत नाव सापडत नाही, आणि मला समजवावं लागतं. तुमचंही तसंच असेल, तर जूनच्या प्रायमरीत मत देण्यासाठी त्या वर्षीच्या १४ फेब्रुवारीच्या आत नोंदणी बदलावी लागते. फॉर्म एका पानाचा आहे.